संसार दोघांचा, उतारा एकाचा

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा करून झाले, चहा यायला वेळ होता, म्हणून मी सहज विचारलं, "तुम्ही राहता ते घर कुणाचं?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "आमचंच की!" मग मी म्हटलं, "बरं, कागदावर कुणाचं?" यावर जरा शांतता पसरली. चौदा जणींपैकी दोघींनी हात वर केले. त्यातली एक विधवा. दुसरीच्या नावावर घर झालं ते नवऱ्याचा धंदा बुडाला आणि देणेकरी दारात येऊ लागले तेव्हा. बाकी बाराजणींची घरं नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या नाहीतर थोरल्या दिरांच्या नावावर.

एक जण मात्र काहीच बोलली नाही. तिची कहाणी आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एकवीस वर्षं तिने मशीनवर ब्लाउज शिवले. स्लॅब टाकायच्या वेळी अंगावरचं सोनं गहाण ठेवलं. घर उभं राहिलं आणि चार वर्षांत नवऱ्याने तिला बाहेर काढलं. आता ती भावाच्या मागच्या खोलीत राहते. कोर्टाने पोटगी ठरवून दिली आहे, ती दोन-दोन महिने उशिरा येते. उठताना ती एवढंच म्हणाली, "ताई, पोटगी मिळते हो, पण त्या घराची एक वीटसुद्धा माझी नाही."

मैत्रिणींनो, या विटेचाच प्रश्न सोडवू पाहणारं एक विधेयक आपल्या संसदेत अर्ध्या वाटेपर्यंत पोहोचलं होतं. मग ते बारगळलं. त्याची फारशी बोंबाबोंब झाली नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकींना ते आलं होतं हेच माहीत नव्हतं. आज त्याच्याबद्दल लिहायचं कारण असं, की विवाह आणि कुटुंब कायद्यातल्या बदलांची चर्चा पुन्हापुन्हा होते. पुढचं विधेयक येईल तेव्हा ते कसं वाचायचं, हे या जुन्या विधेयकावरून चांगलं शिकता येतं.

आज कायदा काय म्हणतो?

आधी आजची परिस्थिती पाहू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातल्या २५ व्या कलमाखाली घटस्फोटाच्या वेळी कायमची पोटगी मागता येते. २७ व्या कलमाखाली लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंचा निकाल कोर्ट लावू शकतं. म्हणजे भांडीकुंडी, कपाट, आहेर. पण लग्नानंतर वीस-पंचवीस वर्षांत जे उभं केलं, त्यात बायकोचा वाटा असं काही या कायद्यात नाही. ज्याच्या नावावर खरेदीखत, त्याची मालमत्ता.

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेही स्पष्ट केलं, की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. हे फार मोलाचं आहे. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी, हे लक्षात ठेवायला हवं.

गंमत बघा. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायको पहिल्या वर्गातली वारस. मुलांच्या बरोबरीने तिला हिस्सा मिळतो. पण घटस्फोट झाला, की त्याच बाईचा त्याच घरावरचा हिस्सा शून्य. तिचे कष्ट तेच, वर्षं तीच. हा कुठला न्याय?

विधेयकात काय होतं?

विवाह कायदे (दुरुस्ती) विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, त्यात बदल झाले आणि २६ ऑगस्ट २०१३ ला राज्यसभेने ते मंजूर केलं. हिंदू विवाह कायदा आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा, या दोन्हींत ते दुरुस्ती करणार होतं.

त्याचे दोन भाग होते. पहिला भाग घटस्फोटाचा. पती-पत्नी तीन वर्षं वेगळे राहत असतील आणि लग्न पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलं असेल, तर तेवढ्या कारणावरून घटस्फोट मिळावा. त्यासाठी एकमेकांवर चिखलफेक करायची, क्रूरपणा सिद्ध करायची गरज नाही. मात्र घटस्फोटाने बायकोवर गंभीर आर्थिक संकट येणार असेल, तर तिला त्याला विरोध करता येईल, अशी तरतूद होती. मुलांच्या पालनपोषणाची व्यवस्था झाल्याशिवाय हुकूमनामा नाही, असंही होतं.

दुसरा भाग मालमत्तेचा. अशा घटस्फोटाच्या वेळी बायकोने मागणी केली, तर नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतला वाटा आणि जंगम मालमत्तेतली रक्कम तिला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकेल. घरातल्या बाईच्या कामाला मालमत्तेत हिस्सा आहे, ही गोष्ट त्यातून पहिल्यांदा आपल्या विवाह कायद्यात येणार होती.

चांगलं, पण पुरेसं नाही

आता हेच विधेयक आपल्या चष्म्यातून वाचू. ऐकायला छान वाटलं तरी त्यात चार गाठी होत्या.

पहिली गाठ. वाटा किती, हे लिहिलेलं नव्हतं. निम्मा नाही, तिसरा हिस्सा नाही. कोर्टाला न्याय्य वाटेल तेवढा. एका न्यायाधीशांना गृहिणीच्या कामाची किंमत कळेल, दुसऱ्यांना कळणार नाही. मग बाईचा हक्क कुणाच्या टेबलावर तिची फाइल गेली, यावर ठरणार.

दुसरी गाठ आपल्यासारख्या गावाकडच्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाची. वडिलोपार्जित किंवा वारसाने मिळणारी स्थावर मालमत्ता या वाटणीतून वगळली होती. भरपाईची रक्कम ठरवताना कोर्ट तिची किंमत विचारात घेईल, एवढीच सोय. शहरात फ्लॅट नवऱ्याने स्वतः घेतलेला असतो. आपल्याकडे घर सासऱ्यांच्या जागेवर बांधलेलं आणि शेत आजोबांच्या वेळचं. खुरपणी, वेचणी, धारा काढण्यात तिचा जन्म गेला, पण वाटणीच्या वेळी ती जमीन बाजूलाच राहणार.

तिसरी गाठ. हा वाटा फक्त "लग्न मोडलं" या नव्या कारणावरून घटस्फोट झाला तरच. मारहाणीला कंटाळून क्रूरपणाच्या कारणावरून जिने घटस्फोट घेतला, तिच्यासाठी हे कलम नव्हतं. जिने जास्त सोसलं तिला कमी, असं उलटंच झालं. शिवाय विशेष विवाह कायद्याखालची लग्नं सोडली, तर मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी बहिणींना या विधेयकातून काहीच मिळणार नव्हतं.

चौथी गाठ. हक्क मिळणार तो लग्न मोडल्यावर. चालू संसारात नवऱ्याने बायकोला न विचारता घर विकलं, तर त्याला आडकाठी नव्हती. घटस्फोटाची चाहूल लागताच घर भावाच्या नावावर करणारे नवरे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

पुरुष संघटनांनी विधेयकाला विरोध केला. त्यांचं म्हणणं, बायका मालमत्तेसाठी लग्न मोडतील. मला यावर एवढंच विचारावंसं वाटतं, की आज मालमत्ता एकाच्या हातात आहे म्हणून किती बायका मार खात नांदतायत, त्याचा हिशेब कुणी मांडायचा?

पुढे काय झालं?

राज्यसभेनंतर विधेयक लोकसभेत जायला हवं होतं. ते तिथे मंजूर झालं नाही. मे २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक संपलं. आपल्या राज्यघटनेच्या १०७ व्या कलमात नियमच तसा आहे. एखादं विधेयक राज्यसभेतच पडून असेल आणि लोकसभेने ते मंजूर केलेलं नसेल, तर लोकसभा विसर्जित झाली तरी ते जिवंत राहतं. पण राज्यसभेने मंजूर करून ते लोकसभेपुढे गेलं असेल, तर लोकसभेबरोबर तेही जातं. म्हणजे एक पायरी वर चढलं म्हणून विधेयक मेलं! ९ मार्च २०१० ला राज्यसभेने मंजूर केलेल्या महिला आरक्षण विधेयकाचंही २०१४ मध्ये नेमकं हेच झालं होतं.

पण खरी मेख पुढे आहे. विधेयक मेलं तरी त्यातला घटस्फोट सोपा करण्याचा विचार कोर्टाच्या वाटेने पुढे गेला. परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आणि १ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की लग्न पूर्ण मोडलं असेल तर सर्वोच्च न्यायालय घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आपल्या अधिकारात घटस्फोट देऊ शकतं. तो कुणाचा हक्क नाही, पण वाट मोकळी झाली.

मालमत्तेचा भाग मात्र मागेच राहिला. एका ताटात वाढलेल्या दोन पदार्थांपैकी एक उचलला गेला आणि आपला तेवढा ताटातच राहिला. घटस्फोट सोपा व्हायला माझा विरोध नाही. मोडलेल्या लग्नात कुढत बसण्यात काही पुण्य नाही. पण बाहेर पडायचं दार उघडताना हातात चार पैसे नसतील, तर बाई जाणार कुठे?

शेजारी गोव्यात

याला उत्तर शोधायला परदेशात जायला नको. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या नागरी संहितेपासून वेगळी पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न झाल्यावर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. कागद न वाचता "इथे सही कर" म्हटल्यावर सही करणाऱ्या बायका तिथेही आहेत. पण निदान सही मागावी तरी लागते!

२०१८ मध्ये केंद्राच्या विधी आयोगानेही कुटुंब कायद्यांवरच्या आपल्या सल्लापत्रात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची धरावी, असा विचार मांडला होता. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका दाव्यात म्हटलं, की बायकोने घर सांभाळलं म्हणून नवऱ्याला कमावता आलं, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा बरोबरीचा वाटा आहे. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. आकडे सरकारकडे आहेत, विचार आयोगाकडे आहे. राहिला तो फक्त कायदा.

आणि आपल्या महाराष्ट्राला हे नवीनही नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रम चालवला. शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, असं आवाहन होतं आणि अनेक गावांनी ते मानलं. जे शेतकऱ्याला पटलं, ते संसदेला पटायला एवढा वेळ का लागावा?

आपण काय करायचं?

पुढच्या वेळी असं विधेयक आलं, तर पेपरातला मथळा वाचून थांबू नका. चार प्रश्न विचारा. वाटा किती, तो आकड्यात लिहिलाय का? शेती आणि वडिलोपार्जित घर त्यात आहे का? कुणाला वगळलंय? हक्क कधीपासून, लग्नाच्या दिवसापासून की लग्न मोडल्यावर? स्थायी समिती विधेयकावर लोकांच्या सूचना मागवते, तेव्हा साध्या कागदावर मराठीत लिहून गटाच्या सह्यांनिशी पाठवा. आपल्या खासदारांना हळदीकुंकवाला बोलावतो, तसं हेही विचारायला बोलवा.

आणि कायद्याची वाट बघत बसू नका. नवं घर घेताना खरेदीखतात तुमचं नाव घाला. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्राने २०२१ मध्ये सुरू केली. राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने बायकोच्या नावावर करायची, तर त्याचं मुद्रांक शुल्क २०१५ मध्ये अवघ्या २०० रुपयांवर आणलं गेलं. बाकीचा खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्याबरोबर तुमचं नाव लावून घ्या. मात्र तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे विसरू नका. घराच्या बांधकामाला दिलेल्या पैशांच्या, गहाण ठेवलेल्या सोन्याच्या पावत्या जपून ठेवा.

परवा ती शिवणकाम करणारी मैत्रीण पुन्हा भेटली. तिला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "माझं तर झालं ताई. पण पोरीचं लग्न ठरतंय. यादीवर सह्या करायच्या आधी विचारू का हो, घर कुणाच्या नावावर आहे म्हणून?"

मी म्हटलं, "विचार. आणि होणार असेल ते घर दोघांच्या नावावर होऊ दे, हेही सांग."