मुक्कामी सहल

युरोपात इटालियन शिकणाऱ्या शाळकरी मुलांचा गट आठवडाभर इटलीत नेण्याची पद्धत रुळलेली आहे. सिएनात परदेशी लोकांसाठी भाषावर्ग १९१७ साली सुरू झाले, पेरुजियात १९२१ साली. सकाळी वर्ग, दुपारी बाजार नाहीतर संग्रहालय आणि रात्री मुक्काम एखाद्या इटालियन कुटुंबात. यातले संग्रहालय आम्हाला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. खरा तास रात्रीच्या जेवणाचा. मीठ हवे आहे, टॉवेल सापडत नाही, 'आता पुरे' म्हणायचे आहे आणि सांगून द्यायला शेजारी बाई नाहीत. मोडकेतोडके का होईना, बोलावेच लागते.

आपल्या सहली पाहण्याच्या. वेरूळ, दौलताबाद, परतताना शिर्डी. एसटीत भेंड्या, सोमवारी निबंध. त्यात गैर काही नाही. पण भाषेच्या शिक्षकाला तिथे मुंडकी मोजण्यापलीकडे काम नसते.

२०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून राज्यात रान पेटले. एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. कोणती भाषा, कितवीपासून, सक्तीने की ऐच्छिक, यावर रकानेच्या रकाने भरले. मूल ती भाषा बोलणार कुणाशी, हे विचारायचे मात्र राहूनच गेले. 'भाषा संगम' उपक्रमात परिपाठाला म्हणून घेतलेली वेगवेगळ्या भाषांतली वाक्ये आज किती मुलांच्या तोंडी आहेत, हे आमच्या वाचक-शिक्षकांनीच सांगावे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली 'कोणती भाषा' हा प्रश्न उलटा धरला. कोणती परदेशी भाषा हवी, हे मुलांनाच विचारले. मुलांना रोबो बनवायचे होते, म्हणून त्यांनी जपानी मागितली. पुढे एका जाणकाराने ती ऑनलाइन, मोफत शिकवली. शिक्षणखात्याच्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा हे आम्हाला जास्त पटते.

पण भाषा बोलायला समोर माणसे हवीत, आणि ती फार लांब नसतात. आता मनमाड घ्या. पंजाबी ऐकायची तर गावातच गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. नांदेडला जाणारे यात्रेकरू तिथे थांबतात. पंगतीत बसायचे, वाढायला उभे राहायचे, फलकावरची गुरुमुखी अक्षरे वहीत उतरवून आणायची. अर्ध्या दिवसाचे काम, खर्च जवळपास शून्य.

मुक्कामी सहलीसाठी मात्र हैदराबाद. अजिंठा एक्सप्रेसने मनमाडला त्या शहराशी जोडले आहे. एक रात्र झोपून काढली की सकाळी तेलुगू कानावर. मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था तिथे आहे, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि दारात तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. अशा घरांच्या ओळखीने तेलुगू शेजाऱ्यांकडे दोन-दोन मुले चार दिवस ठेवता येतील. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी रेल्वेच्या द्वितीय श्रेणीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत असते; अनकाईसारख्या आसपासच्या गावांतल्या शाळांनी तिचा उपयोग करून पाहावा.

अडचण पैशांची कमी, हिंदीची जास्त. हैदराबादेत हिंदीवर, नाहीतर दखनीवर सगळे निभते आणि मुले तीच पळवाट धरतील. म्हणून यजमान घरांना आधीच सांगावे लागेल: मुलांनी हिंदीत मागितले तर ऐकू आले नाही असे दाखवा. मुलींच्या पालकांना घरे आधी दाखवावी लागतील, तेही आईला. मुख्याध्यापकांच्या शब्दावर ते होणार नाही. आणि परतल्यावर निबंध नको. यजमान काकूंना तेलुगूत फोन करून 'पोहोचलो' एवढे सांगता आले, की गुण द्यावेत.

परतफेडीची भेटही हवी, त्याशिवाय देवाणघेवाण कसली? हैदराबादची मुले मनमाडला येतील तेव्हा आपण ओशाळून टँकरच्या पाण्याची सोय लपवू नये. नळ किती दिवसांनी येतो, पिंपे कुठे ठेवतात, वापरायचे पाणी कोणते आणि प्यायचे कोणते, हे पाहुण्याला पहिल्याच सकाळी मराठीतून विचारावे लागेल. अशा भेटीचे प्रस्ताव दिवाळीनंतर नव्हे, शाळा उघडताच केंद्रप्रमुखांकडे जायला हवेत. ज्या शाळा पाठवतील, त्यांनी आम्हालाही प्रत द्यावी.