एक्सझेड प्रकरण: सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टमध्येच चोर लपतो तेव्हा...

सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर तुम्ही-आम्ही लक्षही देणार नाही. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी दिलं. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे हे इंजिनिअर पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचा वेग मोजत होते. तेव्हा त्यांना दिसलं की एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची यंत्रणा, उगाच प्रोसेसर खातेय. आधी 0.3 सेकंदात होणारं काम 0.8 सेकंद घेत होतं.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या ऑटोमेटेड टेस्टमध्ये मेमरीबद्दल एक विचित्र तक्रार आली होती. दोन्ही धागे एकाच ठिकाणी जाऊन मिळाले, एक्सझेड नावाच्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये. 29 मार्चला फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसवलाय. ज्याच्याकडे त्याची किल्ली, तो बाधित लिनक्स सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकला असता.

या प्रकरणावर बरंच लिहिलं गेलंय. पण चोरीचा माल ठेवला होता तो टेस्टच्या फाइलींमध्ये, ही गोष्ट त्यात थोडी मागे पडली.

टेस्ट म्हणजे नक्की काय?

एक्सझेडचं काम फाइल दाबून लहान करणं आणि पुन्हा उलगडणं. मग त्याची टेस्ट कशी लिहायची? एक फाइल दाबा, उलगडा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. एक बाइट जरी वेगळा निघाला तरी टेस्ट नापास. दुसरी टेस्ट उलट्या बाजूने: मुद्दाम बिघडवलेली फाइल द्या. सॉफ्टवेअरने ती नाकारली पाहिजे, कोलमडून पडता कामा नये.

अशा शेकडो टेस्ट एकदा लिहून ठेवल्या की कोडमध्ये कुणीही बदल सुचवला, की त्या आपोआप चालतात. सगळ्या पास झाल्या तर हिरवी खूण, नाहीतर लाल फुली. अनोळखी माणसांकडून कोड घेणारे ओपन सोर्स प्रकल्प या हिरव्या खुणेवरच चालतात.

ही खूण फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. एप्रिल 2014 मध्ये उघड झालेली ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं तशीच होती. 'संदेश छोटा पाठवला, पण लांबी मोठी सांगितली तर काय?' हा साधा प्रश्न कुठल्याच टेस्टने विचारला नव्हता. एक्सझेडमध्ये मात्र चूक नव्हती, डाव होता.

बिघडलेली फाइल, हीच उत्तम जागा

दाबलेल्या फाइली माणसाला वाचता येत नाहीत. उघडल्या तर नुसता कचरा दिसतो. त्यात एक्सझेडच्या टेस्टसाठी 'मुद्दाम बिघडवलेल्या' फाइली असणं अगदी स्वाभाविक. 'जिया टॅन' या नावाने काम करणाऱ्या व्यक्तीने (ती एक की अनेक, आजही माहीत नाही) फेब्रुवारी 2024 मध्ये अशा दोन फाइली टाकल्या. एकीच्या नावातच 'बॅड' आणि 'करप्ट' हे शब्द होते. कोण संशय घेणार? सॉफ्टवेअर बांधलं जाताना एक छुपी स्क्रिप्ट त्या फाइलींतून घातक कोड बाहेर काढून मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळायची.

तयारी जुनी होती. गुगलची ओएसएस-फझ ही सेवा ओपन सोर्स प्रकल्पांवर सतत वेडीवाकडी माहिती सोडून चुका शोधते. जुलै 2023 मध्ये याच व्यक्तीने एक्सझेडच्या अशा तपासणीत एक सुविधा बंद करून घेतली. पुढे चोरदरवाजा त्याच सुविधेवर उभा राहिला.

हे जमलं कसं? एक्सझेड अनेक वर्षं लासे कॉलिन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने सांभाळलं. 2022 मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत आणि हे काम बिनपगारी छंदाचं आहे. मदतीला आलेल्या 'जिया टॅन'वर त्यांनी विश्वास टाकला. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ज्या कंपन्यांचे सर्व्हर हे सॉफ्टवेअर फुकट वापरतात, त्यांनी तपासायला कुणाला पगार दिला होता?

पैसा असेल तर काय होतं, याचं उदाहरण बहुधा तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस सुमारे दीड लाख ओळींचा, तर त्याच्या टेस्ट सव्वानऊ कोटी ओळींच्या आसपास. म्हणजे जवळपास 590 पट! कंपन्यांच्या गटाचा आर्थिक आधार आहे म्हणून हे परवडतं. (गंमत म्हणजे एसक्यूलाइट खुलं असलं, तरी त्याचा एक महत्त्वाचा टेस्ट-संच खुला नाही.)

मग टेस्ट कोण वाचणार?

आता एआयकडून टेस्ट मिनिटात लिहून मिळतात. पण कोडही त्याचाच आणि टेस्टही त्याचीच असेल, तर एकच गैरसमज दोन्हीकडे उतरू शकतो आणि हिरवी खूण तरीही येते. म्हणून पुण्या-नाशिकच्या कॉलेजात बसून 'ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू?' असं विचारणाऱ्यांना आमचं सांगणं: नवं फीचर राहू द्या, आधी इतरांच्या टेस्ट चालवा आणि वाचा. ही फाइल कुणी, कशी बनवली? ती कुठल्या टेस्टमध्ये वापरली जाते?

एक्सझेडच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला तयार उत्तर होतं. बऱ्याच फाइली हाताने बनवल्यात, त्यामुळे त्यांचा वेगळा सोर्स नाही, असं त्या फोल्डरमध्येच लिहिलेलं होतं. दुसऱ्याला मात्र उत्तर नव्हतं. फ्रॉइंड यांनी नोंदवलंय की चोरदरवाजासह आलेल्या 5.6.0 या पहिल्या आवृत्तीत त्या फाइली कुठल्याही टेस्टमध्ये वापरलेल्याच नव्हत्या.