हजेरीचं आम्ही बघून घेऊ

या आठवड्यात एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्वागत समारंभाला जाणं झालं. नाव विचारू नका, तुमच्या गावातल्या कॉलेजचं घातलंत तरी चालेल. पाहुण्यांची भाषणं झाली, भरारी-बिरारी मारून झाली, आणि मग एका पालकानं उभं राहून विचारलं, ‘‘पोरगा दिवसभर क्लासला असणार, मग कॉलेजच्या हजेरीचं काय?’’ व्यासपीठावरून हसत उत्तर आलं, ‘‘त्याची काळजी करू नका. हजेरीचं आम्ही बघून घेऊ.’’ अख्ख्या समारंभात मनापासून टाळ्या पडल्या त्या याच वाक्याला.

मी आता पुन्हा क्लास आणि कॉलेजच्या ‘इंटिग्रेटेड’ साटंलोट्यावर घसरणार, असं समजून ज्यांनी पान उलटायला घेतलं असेल त्यांनी जरा थांबावं. ते दळण या सदरात पुरेसं दळून झालं आहे. आजचा विषय हजेरीचा. दहावी झालेली मुलं विचारतात, शाळेत आणि कॉलेजात फरक काय? त्यांना गणवेश, मोबाइल, कँटीन अशी उत्तरं मिळतात. खरा फरक हजेरीपटात आहे.

शाळेत वर्गशिक्षिका रोज सकाळी नावं घेतात. कोण कुणाशेजारी बसतो, कुणाची आजी आजारी आहे, हेही त्यांना ठाऊक असतं. मुलगा दोन दिवस दिसला नाही की घरी फोन जातो, नाहीतर परत येताना पालकांची चिठ्ठी लागते. गृहपाठ राहिला तर वहीत शेरा. सहामाहीला गणितात आपटला तर पालकसभेत आईबापांना मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतं. या सगळ्याचा जाच होतोच. पण हे पोर आज कुठे आहे आणि त्याचं काय चाललंय, यावर कुणाची तरी नजर असते.

कॉलेजात माहितीपुस्तिकेत 75 टक्के हजेरीचा नियम ठळक अक्षरांत छापलेला असतो. तुकडीत ऐंशी-शंभर मुलं, तासागणिक वेगळे सर, वेगळ्या मॅडम, आणि नावाच्या जागी रोल नंबर. तुम्ही जुलैत आला नाहीत, कुणी विचारत नाही. गणपती गेले, दिवाळी झाली, तरी कुणी विचारत नाही. मग एक दिवस फळ्यावर ‘डिफॉल्टर’ची यादी लागते. पालकांना बोलावणं येतं, हमीपत्रं लिहून घेतली जातात, डॉक्टरांचे दाखले गोळा होतात. मागच्या पावसाळ्यात निम्म्या तुकडीला कावीळ झाली होती, हे जानेवारीत उघडकीला येतं! पुढे सगळेच परीक्षेला बसतात. शाळेची हजेरी रोज घेतली जाते, कॉलेजची वर्षाअखेरीला भरली जाते.

शासनाला हे कळत नाही असं नाही. 2018मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. अंगठा लावणारा मुलगा पुढे वर्गात गेला की क्लासच्या बसमध्ये चढला, हे यंत्राला कसं कळावं?

‘‘मग बिघडलं काय?’’ असं विचारणाऱ्यांनी अकरावीची पहिली चाचणी पाहावी. दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर होते आणि वीस गुण शाळेच्या हातात. इथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांची स्वतंत्र जाडजूड पुस्तकं समोर येतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती थेट इंग्रजीतून वाचावी लागतात. ‘बेस्ट फाइव्ह’च्या टक्केवारीवर पेढे वाटलेल्या घरात मग स्मशानशांतता पसरते. पोरगं बिघडलं, असा निकाल लागतो. ते बिघडलेलं नसतं. आपण अडलोय हे सांगायचं कुणाला, हेच त्याला ठाऊक नसतं, कारण विचारणारं माणूस शाळेतच राहिलं.

त्यात अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं आणि तिचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत. म्हणून हे वर्ष आरामाचं, असा घरोघरी समज. एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो आणि ‘नीट’च्या अभ्यासक्रमात दोन्ही वर्षं येतात, हे बारावीच्या दिवाळीत आठवतं.

कॉलेजात काही शिकवत नाहीत, ही हाकाटी पहिल्यांदा कुणी पिटली? माझा संशय क्लासवाल्यांवर आहे. पुरावा विचाराल तर चौकाचौकांतले टॉपरांचे फलक, दुसरा नाही. (घसरलोच शेवटी.) पण कॉलेजांनी ही हाकाटी खोडून काढली नाही. वर्ग रिकामा राहिला तर कटकट कमी, फी तर आलेलीच. समोर बसलेल्या दहा-बारा मुलांना जीव तोडून शिकवणारे प्राध्यापक आजही आहेत, पण त्यांचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही.

अकरावीचे प्रवेश 2025पासून राज्यभर ऑनलाइन झाले. दहा पसंतीक्रम भरताना घराघरांत रात्री जागवल्या जातात, कटऑफचे दशांश मोजले जातात. त्या दहापैकी एखाद्या तरी कॉलेजात सकाळी जाऊन तास होतो का, हे किती जण पाहून आले?

यंदा अकरावीत जाणाऱ्यांनो, तुम्हाला शोधत कुणी येणार नाही हे धरूनच चला. पहिल्या महिन्यात ग्रंथालयाचं कार्ड काढा. प्रात्यक्षिकं बुडवू नका, बारावीला त्यांनाच 30 गुण आहेत. एक तरी शंका घेऊन स्टाफरूमपर्यंत जा, म्हणजे निदान एका शिक्षकाला तुमचं नाव कळेल. वेळापत्रकातला तास होत नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा. आणि पालकहो, फीची पावती मागता तशी दर महिन्याला मुलाची खरी हजेरी कॉलेजकडे मागा. पैसे भरलेत, लाजू नका.

— मागच्या बाकावरून