अंगणातली आगगाडी आणि काळी माती

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी आमची गाडी पेरूच्या झाडाखाली रुळावरून उतरली. उचलून ठेवली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा मुलांनी इंजिन कपाटात ठेवले आणि "पावसाळा संपल्यावर बघू" असे सांगून टाकले. मे महिनाभर घाम गाळून मांडलेला रूळ जून संपायच्या आत बेवारस झाला.

वाचकांना आधी हे सांगायला हवे की ही गाडी कोणती. घनसावंगीला रेल्वे नाही. गाडी बघायची तर तालुक्यातल्या रांजणी स्टेशनला जायचे, नाहीतर परतूर किंवा जालना गाठायचे. आमची गाडी घराच्या मागच्या अंगणात धावते. पेरू, लिंबू आणि कढीपत्त्याला वळसा घालणारा अठरा मीटरचा रूळ, दोन रुळांमध्ये 45 मिलिमीटर अंतर, एक इंजिन आणि तीन डबे.

कल्पना माथेरानहून आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मामूंबरोबर नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीत बसून आली आणि आल्यावर विचारू लागली, ही गाडी बांधली कोणी? आम्ही सांगितले, मुंबईच्या एका बोहरा मुस्लिम घराण्याने. सर आदमजी पीरभाय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. त्या काळचे 16 लाख रुपये खर्च झाले आणि 1907 साली गाडी सुरू झाली. सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग, रुळांमधले अंतर अवघे 610 मिलिमीटर आणि काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका चढ. मुलांनी लगेच हिशेब केला. रांजणीवरून जाते ती ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, तिच्या आधी निजामाच्या काळापासून होती ती मीटर गेज 1000 ची, माथेरानची 610 ची. मग आपल्या अंगणात किती बसेल?

अंगणात बसेल अशी गाडी जगात आहे. जर्मनीतल्या लेहमान या खेळणी बनवणाऱ्या घराण्याने 1968 मध्ये ऊनपावसात चालणारी गाडी बाजारात आणली. तिचे 45 मिलिमीटरचे माप पुढे बागेतल्या गाड्यांसाठी जगभर रूढ झाले. आपल्याकडे छोट्या गाड्यांचे वेड नवे नाही. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी 8 एप्रिल 1956 ला सुरू झाली, आणि कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेतून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांना पाहायला मिळते. फरक इतकाच की फुलराणीत मुले स्वतः बसतात आणि जोशींची गाडी छताखाली चालते. उघड्या अंगणात, मातीवर, हाताएवढी गाडी चालवायची तर तिचे दुखणे वेगळे असते.

परदेशी संच विकत घ्यायचा तर हजारो रुपये मोजावे लागतात. खेळण्यावर इतका खर्च म्हणजे इस्राफच, असे घरात एकमताने ठरले. मग जालन्याहून 10 बाय 3 ची लोखंडी पट्टी आणली. बाभळीच्या लाकडाचे एकशे ऐंशी तुकडे केले, वाळवी लागू नये म्हणून जळक्या ऑइलमध्ये बुडवून चांगले वाळवले, त्यांत करवतीने खाचा पाडल्या आणि पट्टी उभी बसवली. हे आमचे स्लीपर. चाके लेथवाल्याकडून कडेला ओठ ठेवून करून घेतली. इंजिनात बारा व्होल्टची गिअर मोटर आणि तीन लिथियम सेल. वीज इंजिनातच असल्यामुळे रुळातून करंट सोडायची गरज नाही. रुळातून वीज देणाऱ्यांना रोज रूळ घासून लख्ख ठेवावा लागतो, आम्हाला गंजाची तेवढी धास्ती नाही. सेलला संरक्षक सर्किट लावले आहे आणि चार्जिंग मोठ्या माणसासमोरच होते. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास गेला. गाडी एक फेरा दोन मिनिटांत पुरा करते. माशाअल्लाह, महिनाभर शेजारपाजारची पोरे असरनंतर आमच्याकडेच असायची.

आणि मग पाऊस आला.

आमचे चाचा, म्हणजे मुलांचे छोटे दादा, रेल्वेत गँगमन होते. मीटर गेज उखडून ब्रॉडगेज टाकली गेली तेव्हा ते त्याच मार्गावर कामाला होते, आणि शेवटची काही वर्षे त्यांनी चाबीवाला म्हणून काढली. चाबीवाल्याचे काम असे, की रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, ढिली झालेली चाबी हातोडीने ठोकायची, फिशप्लेटचे बोल्ट बघायचे, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. आम्ही रूळ मांडत होतो तेव्हा चाचा खुर्चीवर बसून बघत होते. एकदाच म्हणाले होते, "खाली मुरूम टाका." मुलांना गाडी धावताना बघायची घाई होती, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही. माती चोपली, वर चार बोटे खडी पसरली आणि रूळ ठेवला.

गाडी कपाटात गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी फजरची नमाज आटोपून चाचा अंगणात गेले. गुडघे दुखत असतानाही खाली बसले, रुळाला गाल लावून एका डोळ्याने पार टोकापर्यंत पाहिले आणि आम्हाला हाक मारली. आम्ही चाके बघू लागलो, गेज मोजू लागलो. ते म्हणाले, "पटरीकू नक्को देखो, पटरी के नीचे देखो."

खाली काय होते? आपली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. कापसाला ती बरकत आहे, पण रुळाला नाही. त्यातून पेरूजवळच आमची वजूची जागा. दिवसातून पाच वेळा तिथले पाणी थेंब थेंब करत रुळाखाली मुरत होते. पावसाने बाकीचा रूळ उचलला, आणि पेरूखालची सदा ओली माती इंजिनाच्या वजनाने दबली. एका बाजूचा रूळ दुसऱ्यापेक्षा आठ मिलिमीटर खाली गेला होता. माणसाला तो दिसतही नाही, पण 45 मिलिमीटरच्या गेजवर तो मोठा कल आहे.

दुरुस्तीला दोन जुम्मे गेले. रुळाखाली वीतभर रुंद आणि वीतभर खोल चर खणला. त्यात मुरूम भरून पाणी मारत तीन थरांत चोपला. वर बारीक खडी पसरली आणि सगळा बांध आजूबाजूच्या मातीपेक्षा चार बोटे उंच केला, म्हणजे पाणी रुळावर थांबणार नाही. दोन ठिकाणी बांधाखालून प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आरपार टाकले. वजूच्या पाण्याला पन्हळ करून ते लिंबाच्या आळ्यात सोडले. लिंबाला त्या वर्षी पाणी द्यावे लागले नाही.

दुसरी चूक उन्हाची होती. मुलांनी रुळाचे तुकडे एकमेकांना घट्ट भिडवले होते. लोखंड तापले की वाढते. डिसेंबरच्या पहाटेचा गारवा आणि मेच्या दुपारचा चटका यांत अठरा मीटरच्या रुळाची लांबी सुमारे एक सेंटिमीटरने बदलते. जागा नसेल तर तो वाकडा होऊन बाहेर येणारच. आता दर दोन मीटरवर नखाएवढी फट आहे आणि जोडपट्टीची भोके लांबट आहेत, म्हणजे रूळ सरकू शकतो पण सुटत नाही.

या दुरुस्तीनंतर चाचांनी एक नियम घातला. जो सकाळी रूळ बघेल तोच संध्याकाळी गाडी चालवेल. बघायचे काय, तेही त्यांनी ठरवून दिले. पत्र्याची 45 मिलिमीटरची गेजपट्टी घेऊन पूर्ण फेरा मारायचा. अडली तर रूळ आत आला, सैल फिरली तर बाहेर गेला. पेरूची पाने, खडा, मुंग्यांचे वारूळ काढायचे. वळणावर बोट फिरवून जोड तपासायचा. आठवड्यातून एकदा चाकांना गुंडाळलेले केस आणि धागे काढायचे आणि आसाला तेलाचा एकच थेंब द्यायचा, जास्त दिला तर धूळ चिकटते. बकरी ईदच्या आधीचे काही दिवस शेळी दुसरीकडे बांधायची, कारण तिला बसायला खडीचा बांधच आवडतो. सगळे मिळून काम पंधरा मिनिटांचे.

पंधरा मिनिटे फार नाहीत, पण रोजची आहेत, आणि तिथेच माणूस हरतो. आमच्या मुलांनी आठ दिवस उत्साहाने केले, मग एकमेकांवर ढकलू लागली. चाचा काही बोलले नाहीत. ते स्वतःच फजरनंतर काठी टेकत फेरा मारू लागले. संध्याकाळी मुले गाडी काढायची, गाडी न उतरता धावायची, आणि ती का उतरत नाही हे कोणी विचारत नसे.

त्याच सुमारास आम्ही मुलांना माथेरानच्या गाडीचा पुढचा इतिहास सांगितला. 26 जुलै 2005 च्या पावसाने तो मार्ग उद्ध्वस्त केला, गाडी 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. मे 2016 मध्ये डबे घसरले, म्हणून ती बंद ठेवावी लागली. 2019 च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळहून अमन लॉजपर्यंतची गाडी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये परतली. दर पावसाळ्यात डोंगरातली ही गाडी थांबवतात आणि फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू ठेवतात. पीरभाय पितापुत्रांनी रेल्वे एकदा बांधली. पण ती शंभराहून अधिक वर्षे टिकली ती दरवर्षी दरड उपसणाऱ्या आणि खडी भरणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. आमच्या चाचांचेही नाही.

थंडीत चाचांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी तीन महिने खाली बसायचे नाही असे बजावले. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा उतरली. मुले बॅटरी बघू लागली. तेव्हा घरातली अकरा वर्षांची मुलगी गेजपट्टी घेऊन गेली आणि पेरूजवळचा सैल झालेला स्लीपर दाखवून आली. ती कित्येक दिवस खिडकीतून दादांचा फेरा बघत होती, आणि ते कुठे थांबतात हे तिने वहीत लिहून ठेवले होते. आम्हाला कोणालाच याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून चाचांची छोटी हातोडी तिच्याकडे आहे. भावांनी कुरकूर केली, पण नियम नियम असतो. आता संध्याकाळी गाडी तीच चालवते, आणि भावांना हवी असेल तर सकाळी लवकर उठतात.

हे पाहून आम्हाला आमच्याच घराचा विचार करावासा वाटला. पाण्याच्या टाक्या वेळेवर भरलेल्या असतात, सहरीला ताट समोर येते, म्हाताऱ्यांच्या गोळ्या चुकत नाहीत. घर रुळावर चालते तेव्हा ते रोज कोण तपासते, हे आपण विचारत नाही. घरातली बाई चार दिवस आजारी पडली की मात्र पहिल्याच दिवशी सगळे घसरते. अल्लाहला ते अमल अधिक प्रिय आहेत जे थोडे असले तरी नियमित असतात, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही ती नमाज आणि तिलावतीपुरती ठेवली होती. आता आमच्याकडे मुलांच्या वाट्याला टाकी आणि औषधांची पेटीसुद्धा आहे, गेजपट्टीसारखीच, पाळीपाळीने.

ज्यांना अंगणात असा रूळ मांडायचा असेल त्यांनी पाच मीटरपासून सुरुवात करावी, थंडीत मांडावा, आणि आधी मुरूम भरावा. पैशापेक्षा रोजचे पंधरा मिनिटे कोणाचे, हे आधी ठरवावे.

रमजानमध्ये मुलांनी एका डब्यात खजूर ठेवून गाडी स्वयंपाकघराच्या दारातून चाचांच्या खुर्चीपर्यंत सोडायची असे ठरवले. मगरीबच्या अजानला दोन मिनिटे उरली की गाडी निघते. पहिल्या दिवशी चाचांनी खजूर उचलण्याआधी मुलीला विचारले, "पेरूखाली बघितलंस?"

"बघितलं दादा. दोन मिलिमीटर खाली आहे. उद्या खडी भरते."