काढ्याला मिळालेलं नोबेल

‘चीनमधल्या एका बाईंनी आजीच्या बटव्यातला काढा जगापुढे ठेवला, जगाने त्यांना नोबेल दिलं, आणि आपण मात्र अंगणातली झाडं सोडून पोरांना रासायनिक गोळ्या चारतो!’ हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की पहिली टाळी कुठे पडणार हे आता आधीच सांगू शकतो. परवाच्या वक्त्यांनी तर त्याचा सिद्धान्तच करून टाकला. हिवताप, आव, जंत, हत्तीरोग, कुठलाही परजीवी घ्या, त्याच्यावरचा उतारा वनस्पतींत आहे. तो ग्रंथांत लिहून ठेवलेला आहे. नैसर्गिक असल्यामुळे तो बाधत नाही. आणि त्यात कंपन्यांना पैसा नाही म्हणून तो दडपला जातो. पुरावा काय, तर नोबेल.

तेव्हा आधी त्या नोबेलकडेच जाऊ.

व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळ्यांपेक्षा हिवतापाने जास्त हैराण झाले होते. जुनं क्लोरोक्विन लागू पडेनासं झालं होतं. म्हणून 23 मे 1967 रोजी चीनमध्ये एक गुप्त मोहीम सुरू झाली आणि 1969 मध्ये तिच्यातल्या एका गटाची सूत्रं यूयू तू यांच्याकडे आली. त्यांच्या गटाने परंपरेतले दोन हजारांवर पाठ गोळा केले. त्यांतले 640 निवडले. सुमारे दोनशे वनस्पतींचे 380 हून अधिक अर्क काढून हिवताप झालेल्या उंदरांना दिले. वक्त्यांनी हे आकडे जरा सावकाश वाचावेत. ग्रंथांत लिहिलेलं सगळं खरं असतं, तर पहिल्याच आठवड्यात औषध हाती यायला हवं होतं. आलं ते 1971 च्या ऑक्टोबरमध्ये, तेही एका वनस्पतीतून. बाकीच्या पाठांचं काय झालं, हे कोणी व्यासपीठावरून सांगत नाही.

आणि त्या एका वनस्पतीनेही सुरुवातीला दगाच दिला होता. आर्टेमिसिया अॅन्युआच्या अर्काने एकदा चांगला गुण दाखवला, पुढच्या खेपेला काहीच नाही. तेव्हा बाईंनी चौथ्या शतकातल्या गे हाँग याचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात कृती होती ती अशी: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. चूल कुठेच नव्हती! म्हणजे उकळण्यातच गुण जात असावा, असा त्यांनी तर्क केला आणि पाणी सोडून इथर घेतलं, जे पस्तीस अंशांच्या आसपासच उकळतं. त्या थंड अर्काने उंदीर आणि माकडं बरी झाली. पुढच्या वर्षी त्यातून शुद्ध स्फटिक वेगळे झाले. त्यांना आज आपण आर्टेमिसिनिन म्हणतो.

तर काढ्याचं नोबेल म्हणून ज्याचा गौरव चालला आहे, तो शोध लागला तो काढा करणं सोडून दिल्यावर. याहून नेमका प्रतिपक्षी पुरावा आपल्या हाताने आणून सभेत ठेवायला मोठं काळीज लागतं.

शिवाय आर्टेमिसिनिन पाण्यात नीट विरघळतच नाही. वाळल्या पाल्यात ते बहुधा शेकडा एकाच्याही खालीच असतं. वाण कोणतं, तोडणी केव्हा झाली, पाला उन्हात वाळवला की सावलीत, यावर ते आणखी कमी-जास्त होतं. त्याच पाल्याचा चहा काँगोमध्ये रुग्णांना देऊन क्विनिनशी तुलना केली, तेव्हा पुष्कळांचा ताप सुरुवातीला उतरला. पण महिनाभरात बऱ्याच जणांच्या रक्तात परजीवी पुन्हा हजर झाले. ताप उतरला की घरातली माणसं म्हणतात, गुण आला. परजीवीला मात्र अर्धवट मात्रेची सवय होते. आर्टेमिसिनिनला दाद न देणारा हिवताप पश्चिम कंबोडियात आधीच दिसून गेला आहे. म्हणूनच हे औषध आता एकटं देत नाहीत, जोडीला दुसरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येही पाल्याच्या चहा-पुड्यांना पाठिंबा द्यायला साफ नकार दिला तो याच कारणाने, कंपन्यांनी कान भरले म्हणून नव्हे.

सभेत कोणीतरी असंही म्हणालं की आपला दवणा आर्टेमिसियाचाच भाऊबंद आहे. आहे ना. दवणा जोतिबाला वाहावा; हिवतापावर तो चालतो असा पुरावा नाही.

आणखी एक. 2015 च्या त्या नोबेलचा अर्धाच वाटा बाईंचा होता. उरलेला अर्धा सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना मिळाला, जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेल्या औषधासाठी. त्यातूनच आयव्हरमेक्टिन आलं, जे हत्तीरोगाच्या मोहिमेतही वापरतात. वक्त्यांचा न्याय लावायचा तर पोरांना चिमूट-चिमूट माती द्यायला हवी. माती तर ती आपण होऊनच खातात आणि जंत होतात तेही त्यानेच.

ग्रंथात आहे म्हणजे सिद्ध झालं, हा वाद नवा नाही. हळदीच्या पेटंटच्या वेळी तो एकदा घालून झाला होता. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेतलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं ते ‘यात नवं काही नाही, हे लोक पूर्वीपासून करत आले आहेत’ या मुद्द्यावर. हळदीने जखम खरंच किती लवकर भरते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. पण आपल्याकडे पेढे वाटले गेले ते हळद जिंकली म्हणून. जुनं असणं आणि गुणकारी असणं यांतला फरक तेव्हा मी ज्यांना समजावत होतो, त्यांतले बरेच जण आज या नव्या सभेत पुढच्या रांगेत असतात.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी? किरमाणी ओव्यातलं सँटोनिन जंतांवर एके काळी जगभर चालायचं. मात्रा जरा चढली की रोग्याला सगळं जग पिवळं दिसायचं, आणखी चढली की झटके. इपेकॅकच्या मुळातलं एमेटिन 1912 पासून कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी आवेवर टोचायला सुरुवात केली; त्याने प्राण वाचले आणि हृदयंही दुखावली.

वनस्पतीत पैसा नाही? जावातल्या डच मळेवाल्यांना विचारायला हवं होतं. चार्ल्स लेजर याच्याकडून 1865 मध्ये विकत घेतलेल्या मूठभर सिंकोनाच्या बियांवर त्यांनी पुढे जगाच्या क्विनिनची जवळजवळ मक्तेदारी उभी केली. इंग्रजांनी निलगिरीत सिंकोनाच लावला होता, आपल्या महाबळेश्वरच्या लिंगमळ्यातही लावून पाहिला होता. पण त्यांच्या वाणांच्या सालीत क्विनिन बरंच कमी. झाडाचं नाव एकच आणि सालीत फरक असा.

आता त्या आजीबद्दल. तिला या भाषणांत फुकट राबवतात. बाळगुटी देणारी आजी सहाणेवर वेखंड किती उगाळायची, मुरुडशेंग किती, हिरडा किती, हे वेढे मोजून ठरवायची. महिन्याच्या बाळाला एक वेढा, जरा मोठं झालं की दोन. एखाद्या सुनेने हात सैल सोडला की ‘अगं, पुरे, मूल झोपून राहील’ असा वरून आवाज यायचा. मात्रा हे प्रकरण तिला कळत होतं. वावडिंग ती ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणायची आणि दाणा हातावर घेऊन पारखायची, कारण बाजारात त्या नावाखाली दुसऱ्याच झुडपांची फळंही खपतात. वक्त्यांच्या भाषणात ना वेढा होता, ना दाण्याची पारख. ‘थोडासा पाला घ्या’ एवढंच होतं. थोडासा म्हणजे किती, हे विचारणाऱ्याला श्रद्धाहीन ठरवण्यात आलं.

मग वनस्पतींकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. क्विनिन 1820 मध्ये सालीतून वेगळं केल्यापासून हिवतापावरची दोन मोठी औषधं झाडांनीच दिली आहेत आणि पुढचंही तिथून येऊ शकेल. शाळांत 10 फेब्रुवारीला चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी मोठ्या जंतांना चांगली मारते. पण चाबकाच्या आकाराचा जो जंत मोठ्या आतड्यात रुतून बसतो, त्याच्यावर तिची एक मात्रा बरीच कमी पडते. पपईच्या चिकातली विकरं अशा जंताचं बाहेरचं आवरणच पचवून टाकतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. गोळी जंताला मारते ती दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून हा रस्ता मोलाचा. कुड्याची साल आवेवर, वावडिंग जंतांवर, यांचीही अशी कसून परीक्षा व्हायला हवी: झाडाची जात पक्की, सत्त्वाचं प्रमाण मोजलेलं, मात्रा ठरलेली. या रोगांचे रोगी गरीब असतात, त्यामुळे हा खर्च सरकारनेच उचलायला हवा, इथे मी वक्त्यांच्या बाजूला आहे.

परीक्षा अवघडही नाही. मुलांना गोळी द्यायचीच. निम्म्यांना तिच्या जोडीला वावडिंगाचं मोजून केलेलं चूर्ण, निम्म्यांना तसंच दिसणारं दुसरं काहीतरी. कोणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नको. आधी आणि तीन आठवड्यांनी शौचाचे नमुने घेऊन त्यातली जंतांची अंडी मोजायची. हे मी सभेनंतर वक्त्यांना सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘पाच हजार वर्षांच्या अनुभवाला तुमचं सूक्ष्मदर्शक काय तपासणार?’ अंडी, साहेब. अंडी तपासणार.