खंडेनवमीला पूजलेला टीव्ही

गेल्या खंडेनवमीला आमच्या शाळेतल्या स्मार्ट टीव्हीची साग्रसंगीत पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. पोरांनी अगदी मनापासून केलं. टीव्ही तेवढा श्रावणापासून बंद होता.

मी राहतो जयसिंगपुरात आणि शिकवतो शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यात. टीव्ही आला त्या दिवशी फोटोला दाटी झाली होती. आतलं कार्ड जळालं तेव्हा कुणी फिरकलं नाही. वस्तू घ्यायला निधी मिळतो. दुरुस्तीचा खर्च कशात टाकायचा, हे विचारत आमची तीन पत्रं गेली. शेवटी आम्ही मास्तरांनीच वर्गणी काढली.

खरं विचाराल तर शाळेत तंत्रज्ञान सगळ्यात जास्त राबतं ते कार्यालयासाठी. सरल, युडायस ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची माहिती. हे सगळं भरतो मास्तर, आणि तेही बहुधा तासाच्या वेळात.

याच्या उलट उदाहरणही आहे. रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी केलं काय, तर पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड कागदावरचा. भिंतीवर काही टांगायला नको, आणि धडा घरातल्या फोनवर पोचतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. मला यातलं मोलाचं वाटतं ते एवढंच, की सुरुवात वर्गात शिकवणाऱ्या माणसानं केली, खरेदीच्या यादीनं नव्हे.

आमच्याकडं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यातली एक पोरगी तिसरीत बसायची. वाचताना अडखळायची. फोन आईकडं, आई दिवसभर फडात. मी धडा माझ्याच आवाजात सावकाश रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. कोपीत रात्री ती ऐकायची. चार दिवसांनी तिनं वर्गात धडा घडाघडा म्हटला, मधल्या 'हाड्!' सकट. रेकॉर्ड करताना दारात कुत्रं आलं होतं. पोरं खो-खो हसली. मी म्हटलं, ''आता पुस्तक उघड आणि शब्दाखाली बोट फिरव बघू.'' 'हाड्' काही पुस्तकात सापडेना, तेव्हा ती थांबली आणि पहिल्यांदा अक्षरांकडं नीट बघू लागली.

याला खर्च आला शून्य. वेळ मात्र लागला, रोजचा अर्धा तास. तोच आमच्याकडून काढून घेतला जातो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवे टीव्ही वर्षभर नका देऊ. मुख्याध्यापकाच्या हातात दुरुस्तीपुरते पैसे द्या आणि माहिती भरायला वेगळा माणूस द्या.

मार्चमध्ये गाळप संपलं, टोळी गेली. धडे मी अजून पाठवतो. निळ्या खुणा रात्री दहानंतर उमटतात.