आधी दिसा, मग पाहा

जुनी मोटार जिवापाड जपणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. मुंबई-पुण्यात व्हिंटेज मोटारींची रॅली निघाली, की रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होते. त्यात एखादी दोन आसनांची, उघड्या टपाची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार असली, तर विचारायलाच नको. लहानथोर सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही अशा मोटारींचा उत्तम नमुना. पाच लाखांहून अधिक बनल्या आणि आजही जगभर हौशी लोक त्या चालवतात. इंजिन खोलून नव्यासारखं केलं जातं, क्रोम चकचकीत होतं, आसनांना नवं कातडं चढतं. मागचा दिवा मात्र होता तसाच मिणमिणत राहतो. हौशी मालकाला दिव्यांची आठवण होते ती रात्री समोरचा रस्ता दिसेनासा झाला की. मग तो बाजारातले सर्वांत प्रखर एलईडी आणून पुढे बसवतो. माझ्या मते इथे प्राधान्यक्रमच उलटा लागतो. जुन्या मोटारीने आधी दिसलं पाहिजे, पाहणं त्यानंतर.

डॉक्टरने मोटारीच्या दिव्यांवर का लिहावं, असं कुणी विचारेल. उत्तर सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मिळतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत दगावली. एकूण अपघातांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक अपघात मागून धडकल्याने झाले. मागून आदळणारा आपल्याकडे अनेकदा दुचाकीवर असतो. त्याच्या पायाची हाडं, चेहरा आणि डोकं यांची काय अवस्था होते, हे आम्ही रोज पाहतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलेलाही सुरक्षित नसतो. एमजीबीच्या सुरुवातीच्या मोटारींत डोक्यामागे आधारच नव्हता. मागून धक्का बसला, की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मान झटका खाते. ते दुखणं काही जणांना वर्षानुवर्षं पुरतं.

आता डोळ्याची बाजू पाहू. वय वाढतं तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि नेत्रभिंग पिवळसर होत जातं. मंद उजेडात साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात लाल रंगाची आणखी एक अडचण आहे. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. शिवाय काही पुरुषांत जन्मतःच लाल रंग टिपणाऱ्या पेशी नसतात किंवा सदोष असतात. युरोपीय पुरुषांत हे प्रमाण सुमारे २ टक्के आहे आणि आपल्याकडेही अशी माणसं आहेतच. त्यांना लाल दिवा इतरांपेक्षा मंद दिसतो. म्हणजे आपल्या मागे येणाऱ्याचे डोळे तरुण, निरोगी आणि सावध असतील, हे गृहीत धरून चालत नाही.

जुन्या मोटारीचा दिवा मंद का होतो? दर वेळी बल्बच दोषी असतो असं नाही. मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन तारा असतात. एक ५ वॅटची, रात्रभर जळणारी. दुसरी २१ वॅटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. या दोन्हींच्या उजेडात मोठी तफावत असणं हाच ब्रेकच्या दिव्याचा अर्थ. पण चाळीस-पन्नास वर्षांत होल्डर गंजतो, अर्थिंगची जोडणी सैल होते, आतली चंदेरी परावर्तक बाजू काळवंडते. तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं, तर उजेड १० टक्क्यांनी नव्हे, जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. पुढच्या दिव्यांचंही तेच. एमजीबीसारख्या मोटारींत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो, मध्ये रिले नसतो. जुनं बटण, जुनी वायर आणि तितकेच जुने जोड, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. या मोटारींची विद्युत सामग्री बनवणाऱ्या ल्युकस कंपनीला शौकीन थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. पण अर्धशतक उन्हापावसात काढलेल्या तारेचा सगळा दोष तिच्या जन्मदात्याला देणं बरं नव्हे.

म्हणून आमच्या पेशातला नियम इथेही लागू पडतो: आधी निदान, मग औषध. रुग्णाला धाप लागली म्हणून कुणी थेट शक्तिवर्धक देत नाही, आधी रक्त तपासतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीवरचं आणि दिव्यापाशी पोहोचणारं व्होल्टेज, दोन्ही दिवा चालू ठेवून मोजून घ्यावं. फरक मोठा असेल तर होल्डर साफ करणं, अर्थिंग नवी देणं आणि हेडलाइटला रिले बसवणं, एवढ्यानेच जुन्या दिव्यांत जीव येतो. हे काम बाहेरून दिसत नाही आणि मोटारीचं मूळ रूपही बिघडवत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या, प्लॅस्टिकच्या काचा असलेल्या मोटारींत वेगळी व्याधी असते. उन्हाने ती काच पिवळी आणि धुरकट होते, थेट मोतीबिंदूच. तिथे आतला बल्ब कितीही बदलला, तरी काच घासून पारदर्शक केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय गुण येत नाही.

एलईडीला माझा सरसकट विरोध नाही. मागच्या दिव्यांत तो खरोखर उपयोगी आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजळायला सुमारे पाचवा हिस्सा सेकंद घेतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात जवळपास साडेचार मीटर पुढे सरकलेली असते. साडेचार मीटर म्हणजे एका मोटारीची लांबी. मात्र लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावा. पांढऱ्या एलईडीचा पुष्कळसा प्रकाश ती काच अडवते. रात्रीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांतला फरक दुरून कळतो का, हे गाडीमागे २५-३० पावलांवर उभं राहून, शक्यतो उन्हात पाहावं. १९६७ पर्यंतच्या एमजीबींत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, तेव्हा त्या जोडणीला चालणारेच एलईडी घ्यावे लागतात. इंडिकेटरला एलईडी लावला, तर त्याची उघडझाप बिघडते किंवा थांबते, त्यामुळे फ्लॅशरही बदलावा लागतो.

पुढच्या दिव्यांची गोष्ट निराळी. हेडलाइटचा परावर्तक ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा एलईडी बसला, की प्रकाशाचा झोत फुटतो. थोडा रस्त्यावर, बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत. चालकाला स्वतःच्या बॉनेटपुढचा भाग लख्ख दिसतो आणि आपलं काम झालं असं वाटतं. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मात्र तो प्रकाश विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुकं पसरल्यासारखं होतं. नेत्रभिंग जितकं जुनं, तितकं हे धुकं दाट. सुरू होत असलेला मोतीबिंदू असलेल्या माणसाला त्या क्षणी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतच नाही. ज्याच्यामुळे अपघात झाला, तो तोवर निघून गेलेला असतो. त्यापेक्षा योग्य परावर्तकात ६०/५५ वॅटचा साधा एच-४ हॅलोजन, पूर्ण व्होल्टेज आणि भिंतीवर तपासून लावलेला झोताचा कल, इतकं पुरतं.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय: उंचावरचा तिसरा ब्रेक लाइट. एमजीबीची उंची जेमतेम सव्वा मीटर. तिचे मागचे दिवे ट्रकचालकाच्या नजरेच्या खूपच खाली असतात. १९७४ मध्ये जॉन व्होव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींना मागे जादा इशारादर्शक दिवा लावून पाहिला, तर मागून होणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. सगळ्यांनाच तो आला, लोकांची नजर सरावली आणि १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात कायमचा फायदा ४.३ टक्के भरला. साठावरून चारावर आला म्हणून कुणी नाक मुरडेल. पण दर वर्षी, प्रत्येक गाडीमागे, इतक्या कमी खर्चात मिळणारा ४ टक्के फायदा सार्वजनिक आरोग्यात मोठाच मानतात.

इथे शौकिनांचा आक्षेप येतो: मूळ रूप बिघडतं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. जुनी वस्तू जशी होती तशी जपणं हेही एक मूल्य आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची, तर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. पण बूटच्या झाकणावर चिकटवलेला किंवा मागच्या काचेच्या आत बसवलेला, हवा तेव्हा काढता येणारा दिवा हा तसा बदल नव्हे, असं मला वाटतं. शंका असल्यास आरटीओत विचारावं आणि मगच हात घालावा. स्पर्धेच्या मैदानात दिवा काढून ठेवा. रस्त्यावर मात्र तो हवाच, कारण मूळ रूपाचा आनंद मालकाचा असला, तरी धोका मागच्या दुचाकीवाल्यालाही वाटून दिला जातो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

दिसण्याचं हे तत्त्व आपण दुचाकींसाठी केव्हाच मान्य केलं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो रस्ता पाहण्यासाठी नव्हे. तोच न्याय जुन्या मोटारीला लावावा. रॅली भरवणाऱ्या संस्थांनी बक्षिसाचे गुण देताना रंग आणि क्रोमबरोबर दिव्यांचीही तपासणी करावी आणि ब्रेकचा दिवा ३० पावलांवरून उन्हात दिसत नसेल, तर ती गाडी रस्त्यावर सोडू नये. मालकांनी त्यासाठी रॅलीची वाट पाहू नये. या रविवारी कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि आपल्याच गाडीच्या मागे जाऊन उभे राहा.